काला अंबपलीकडचे पानिपत

दरवर्षी १४ जानेवारीस काला अंबच्या स्तंभापाशी मराठी माणसांची गर्दी होते. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवरील या भूमीवर १७६१ साली जे घडले, त्याची जखम मराठीच्या वाक्प्रचारांतही मुरली आहे. २०२५ च्या शौर्यदिनास मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस स्वतः येथे आले होते. गर्दी ओसरली की गाड्या महामार्गाने दिल्लीकडे वळतात आणि पानिपत शहर मागे राहते. त्या शहराशी महाराष्ट्राचे आणखी एक नाते आहे. ते रणांगणाचे नव्हे, शाळेचे आहे; म्हणूनच बहुधा त्याची आठवण कुणी काढीत नाही.

उर्दूचे थोर कवी अल्ताफ हुसेन हाली पानिपतचे. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारे त्यांचे ‘मजालिस-उन-निसा’ १८७४ चे. त्यांच्याच घराण्यात १९०४ साली ख्वाजा गुलाम सैयदैन जन्मले. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीत विनोबा आणि काकासाहेब कालेलकर यांच्या जोडीने हे पानिपतकर सैयदैन होते. स्वातंत्र्यानंतर ते मुंबई सरकारचे शिक्षण सल्लागार झाले. १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगात ते सदस्य होते आणि आपले जे. पी. नाईक सदस्य-सचिव.

वर्ध्याच्या योजनेचा गाभा साधा होता. शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि मुलाच्या हाताला व परिसराला परिचित असलेल्या कामातून ते उमलावे. पुढे सरकारी परिपत्रकांतून ती शाळाशाळांत पोहोचली तेव्हा टकळी उरली, विचार निसटला. चांगल्या कल्पनेचा नियम केला की काय होते, याचे हे जुने उदाहरण आजही उपयोगी आहे.

कारण आजचे पानिपत हे हातांचेच शहर आहे. घोंगड्या, गालिचे, जुन्या कपड्यांपासून काढलेले सूत; या उद्योगासाठी बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून कामगार येतात आणि मुलांनाही आणतात. छपऱ्याकडचे मूल घरात ‘है’च्या जागी ‘बा’ म्हणते, शेजारचे हरियाणवी मूल ‘सै’ म्हणते, आणि पुस्तकात असते ‘है’. जनगणना या तिघांनाही हिंदीभाषकच मानते. सहा वर्षांच्या मुलाला मात्र ते तसे वाटत नाही. ‘बा’ला चूक ठरविण्यात आले की केवळ शब्द चुकत नाही, घरी आई बोलते ते चूक, असा अर्थ ते मूल लावते. पुष्कळशी मुले वर्गात गप्प का बसतात, याचे उत्तर बुद्धीच्या चाचणीत शोधण्याचे कारण नाही.

२०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे, असे लक्ष्य ठेवले. लक्ष्य रास्त आहे. तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, असे मापही त्यात आहे. समजून वाचणे हा त्याचाच भाग असला तरी वरून आकडा मागितला गेला की खालून आकडाच पाठविला जातो, हे मंत्रालयात चार वर्षे काढलेल्या कुणासही सांगावे लागू नये. घड्याळ लावून वाचणाऱ्या मुलाला मध्येच थांबून प्रश्न विचारणे परवडत नाही आणि अभ्यासक्रम संपविण्याच्या घाईतल्या शिक्षकालाही ते ऐकणे परवडत नाही.

यास पर्याय नाही असे नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, हा त्यांचा निर्णय होता. मुलांची बोली, त्यांच्या अवतीभवतीचे दगड, पाने, बिया हेच त्यांचे पाठ्यसाहित्य. अक्षरे त्यानंतर येत. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनीही वाचनाची सुरुवात वर्णमालेच्या पाठांतराने न करता मुलांना अर्थपूर्ण वाटणाऱ्या शब्दांनी केली. या दोन्ही ठिकाणी अभ्यासक्रम झुगारलेला नव्हता. तेथवर पोहोचण्याची वाट मुलाच्या दारापासून आखलेली होती.

आता थोडे अवघड जागचे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये तो सौम्य झाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. कोवळ्या मुलावर भाषेचे ओझे नको, हा मराठी समाजाचा आग्रह सर्वस्वी योग्य होता. पण तोच युक्तिवाद मेळघाटातील कोरकू मुलाला लागू होतो, पुण्यातील बांधकामावरच्या भोजपुरी मुलाला लागू होतो आणि पानिपतच्या सूतगिरणीमागच्या खोलीतल्या मुलालाही. आपल्या मुलासाठी मागितलेली सवलत दुसऱ्याच्या मुलास नाकारली, तर ती तत्त्वाची मागणी राहत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ शक्यतो मातृभाषेतून शिकवावे आणि मुलास भय व दडपणापासून मुक्त ठेवावे, असे सांगते. कलम ५ नुसार दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठविता येत नाही. दिल्लीत आणि राज्यांत या कलमांची अंमलबजावणी करणाऱ्या खुर्च्यांवर मराठी अधिकारीही बसतात. पुढल्या संक्रांतीस त्यांपैकी काहीजण काला अंबला येतीलच. परतताना त्यांनी तासभर शहरात थांबून एखाद्या प्राथमिक शाळेची हजेरीवही पाहावी आणि सत्राच्या मध्यावर पुसली गेलेली नावे कुणाची आहेत, तेवढे विचारावे.