सक्रिय कोळशाची पारख

१७८५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे टार्टारिक आम्लाचे शुभ्र स्फटिक मिळविण्याच्या खटपटीत असता तोबियास लोविट्झ या रसायनज्ञाच्या निदर्शनास आले की, कोळशाची पूड द्रावणातील तपकिरी रंग हरण करते. आणि पुढच्या शतकाच्या आरंभी साखरेच्या कारखानदारांनी हाडांच्या कोळशाच्या द्वारे तोच गुण व्यवहारात आणला. आजचा सक्रिय कोळसा याच परंपरेतला. परंतु त्याचे प्रकार इतके झाले आहेत की, त्यांतून योग्य तो निवडणे हेच एक स्वतंत्र शास्त्र होऊन बसले आहे.

नारळाच्या करवंटीचे अथवा लाकडाचे कार्बनीकरण करून, त्यावर सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेची क्रिया केली म्हणजे असंख्य सूक्ष्म रंध्रे निर्माण होतात आणि एका ग्रॅमचे अंतःपृष्ठ १००० चौरस मीटरच्या घरात जाते. तथापि रंध्रे विपुल असणे निराळे आणि ती कामास येणे निराळे. करवंटीच्या कोळशातील बहुतांश रंध्रे दोन नॅनोमीटरहूनही अरुंद असल्यामुळे तेथे लहान रेणूंनाच आश्रय मिळतो. पाकातील रंगद्रव्यांच्या अवजड रेणूंना लाकडाच्या कोळशाची ऐसपैस रंध्रे लागतात. म्हणूनच विक्रेत्याच्या दाखल्यावरील आयोडीन अंक, म्हणजे दर ग्रॅम कोळशाने धरलेल्या आयोडीनचे माप, कितीही उच्च असला, तरी तो लहान रेणूंविषयीचीच ग्वाही देतो. अखेरचा निवाडा ज्या द्रवाचे शुद्धीकरण करावयाचे, त्या द्रवानेच द्यावयाचा असतो.

त्या निवाड्याची रीत साधी, पण काटेकोर आहे. कोळसा वाळवून, बारीक दळून, त्याची चढती वजने समान मापाच्या नमुन्यांत घालावीत. तापमान, आम्लता आणि ढवळण्याचा अवधी सर्वत्र एकच राखावा. आणि गाळणकागदही थोडा रंग धरीत असल्यामुळे एक नमुना कोळशाविनाच गाळून तुलनेस ठेवावा. नंतर द्रवात उरलेली अशुद्धी आणि दर ग्रॅम कोळशाने धरलेली अशुद्धी लॉगरिदमी आलेखावर मांडली असता, फ्रॉइंड्लिश यांच्या समीकरणास अनुसरून बहुधा सरळ रेषा मिळते. दोन कोळशांच्या रेषा परस्परांना छेदतात, तेव्हा खरी कसोटी लागते. पूड एकदाच घालून गाळावयाची असेल, तर इष्ट शुद्धतेच्या बिंदूपाशी कोणता कोळसा सरस ते पाहावे. दाणेदार कोळशाच्या स्तंभातून द्रव वाहावयाचा असेल, तर येणाऱ्या द्रवाच्या मूळ अशुद्धीपाशी पाहावे, कारण स्तंभाच्या मुखाशी असलेला कोळसा त्याच तीव्रतेच्या सान्निध्यात भरत जातो. एकाच आलेखावरून दोन कारखान्यांनी दोन भिन्न कोळसे निवडले, तरी दोघांचाही निर्णय यथार्थ असू शकतो.

हिशेबही किलोच्या भावाचा नव्हे, तर इष्ट शुद्धतेचा हजार लिटर द्रव मिळविण्यास किती रुपयांचा कोळसा खर्ची पडतो, याचा मांडावा. आणि त्यात गाळणीचा वेग, राखेचे प्रमाण व कोळशाबरोबर वाया जाणारा मूल्यवान द्रव हेही जमेस धरावे. खरेदीखात्याने दरपत्रके उघडण्यापूर्वी प्रयोगशाळेला ही चाचणी करू द्यावी. स्वस्त वाटलेला कोळसा दुप्पट घालावा लागला, म्हणजे बचत कोठे गेली, हे मग वेगळे शोधावे लागत नाही.