भाड्याची मोटारसायकल

तासाच्या भाड्यानें सायकल आणून ती शिकलेली मुलें आज आजोबा झालीं आहेत. पेठेंतला सायकलवाला वहींत नांव आणि वेळ टिपून घेई, आणि नवखा मुलगा दिसला म्हणजे एवढेंच विचारी, "कुणाचा रे तूं?" वडिलांचें नांव हीच अनामत आणि तोच विमा. गुडघा फुटला तर आई हळद लावी. चाक वांकडें झालें तर वडील दुकानदाराशीं निस्तरीत. त्या व्यवहारांत कायद्यास शिरावयास जागाच नव्हती.

आतां तीच हौस मोटारसायकलवर बसली आहे. गोव्यास तर भाड्याची दुचाकी हा सुटीचा एक भागच होऊन गेला आहे. आपला अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. दुचाकीवरून हिंडण्यास तो फार सोयीचा आहे. सकाळीं नगरहून निघावें, घोडेगांववरून शनिशिंगणापूर करावें, पुढें नेवाशास पैसाच्या खांबाचें दर्शन घ्यावें आणि दिवेलागणीपूर्वीं घरीं यावें. एका दिवसाची ही सहल नवशिक्यासही झेपते. दोनतीन दिवस हातीं असतील तर संगमनेर, अकोले, राजूर या वाटेनें रंधा धबधबा पाहून भंडारदरा गांठावें. तेथें १९२६ सालीं पुरें झालेलें विल्सन धरण आहे. जलाशयाच्या कांठानें रतनवाडीचें अमृतेश्वर, साम्रदची सांदण दरी, घाटघर, आणि वर १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर. या आडवाटांवर वाटेल तेथें थांबतां येणें हें निम्में सुख आहे, आणि तें एस. टी. च्या खिडकींतून मिळत नाहीं हें मी एस. टी. चा जुना भक्त असूनही कबूल करतों.

माझा एक भाचा पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठीं त्या बाजूस गेला होता. मित्राच्या ओळखीच्या एका गृहस्थानें आपली मोटारसायकल दिवसाच्या भाड्यानें दिली. दुकानांतल्या दरापेक्षां स्वस्त दिली, म्हणून पोरगा खूष होता. राजूरच्या पुढें एका वळणावर बारीक खडीवरून चाक घसरलें. कोपर सोलवटलें, हँडल वांकलें, आरसा फुटला. मालकानें अनामत तर ठेवून घेतलीच, शिवाय टांकीवरच्या जुन्या पोंच्याचे पैसेही मागितले. विम्याची आठवण देतांच तो नुसता हंसला. त्या हंसण्याचा अर्थ मला मागाहून कळला, आणि आज सांगावयाचें आहे तें मुख्यतः त्याविषयींच.

गाडीच्या क्रमांकाची पाटी बहुतेक जण वाचतात, तिचा रंग कोणी पाहत नाहीं. पांढऱ्या पाटीवर काळीं अक्षरें असलीं म्हणजे गाडी खाजगी. पिवळ्या पाटीवर काळीं अक्षरें ही भाड्याच्या टॅक्सीची खूण. आणि काळ्या पाटीवर पिवळीं अक्षरें असलीं म्हणजे भाड्यानें घेऊन स्वतः चालविण्यासाठीं नोंदलेली गाडी. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या ७५ व्या कलमान्वयें केंद्र सरकारनें १९९७ सालीं मोटारसायकली भाड्यानें देण्याची योजना केली. तींत व्यावसायिकापाशीं निदान पांच मोटारसायकली असाव्या लागतात आणि त्याला पांच वर्षांचा परवाना मिळतो. खाजगी गाडीच्या विम्यांत मात्र 'भाड्यासाठीं वापर वगळून' अशी अट असते. म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानें नेऊन मोडली, तर विमाकंपनी खुशाल हात झाडूं शकते. मालक हंसला तो यामुळें.

हें नुकसान लोखंडाचें झालें. माणसाचें काय? २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें कर्नाटकांतील एक प्रकरण आलें. मागून आणलेल्या मोटारसायकलवरून गांवीं निघालेला एक गृहस्थ बैलगाडीवर आदळून मृत्यु पावला होता. चूक कोणाची हें सिद्ध करण्याची जरूरी ज्यांत नाहीं, अशा कलमाखालीं त्याच्या कुटुंबानें त्या गाडीच्या विमाकंपनीकडे भरपाई मागितली. न्यायालयानें ठरविलें कीं, गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागीं उभा राहतो. जें मालकाला मागतां येत नाहीं तें त्या कलमाखालीं त्याच्या वारसांसही मागतां येणार नाहीं. उसनी गाडी आणि भाड्याची गाडी एक नव्हे, हें खरें. पण कायद्यानें सक्तीचा केलेला विमा रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठीं आहे, हँडल धरणारासाठीं नव्हे, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं समजून घ्यावें. चालविणाराचा अपघातविमा वेगळा लागतो. तो आहे किंवा कसें हें दुकानांतच विचारावें. नसेल तर स्वतः उतरवून मग निघावें.

बाकीच्या गोष्टी फारशा अवघड नाहींत. टायर, दोन्ही ब्रेक, साखळी, दिवा आणि भोंगा आपण तपासावे. दुकानदारास बाजूस उभा करून गाडीचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, म्हणजे जुना पोंचा नवा ठरत नाहीं. टांकींत पेट्रोल किती तें पावतीवर लिहवावें. अनामत म्हणून पैसे द्यावे. चालविण्याचा मूळ परवाना दुकानांत ठेवूं नये, तो वाटेंत आपल्यालाच लागतो. शिरस्त्राण मागें बसणारालाही सक्तीचें आहे, तें घट्ट बसणारें मागून घ्यावें.

एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. ऊसगाळपाच्या दिवसांत राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या बाजूस ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागें दिवा असेलच असें नाहीं; ऊस ट्रेलरच्या बाहेर आलेला असतो, आणि रस्त्यावर सांडलेलीं कांडीं चाकाखालून साबणासारखीं निसटतात. थंडीच्या दिवसांत अंधार पडल्यावर त्या वाटेनें दुचाकी काढूं नये. संगमनेरास मुक्काम करावा.

भाचा दिवाळींत पुन्हां आला तेव्हां मीं त्याला दर विचारला नाहीं. "पाटी काळी आहे, मामा," असें तोच आपण होऊन म्हणाला, आणि विम्याचा कागद माझ्यापुढें ठेवून दुसऱ्या दिवशीं सहा वाजतां रतनवाडीस निघाला.