केनियाच्या लोकांचीं पेयें

पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशांत कोणाच्याहि घरीं पाहुणा गेला, तर त्याच्यापुढें प्रथम चहा येतो. तेथील स्वाहिली भाषेंतहि त्यास ‘चाय’ असेंच म्हणतात. पाणी, दूध, पत्ती व साखर एकाच भांड्यांत घालून उकळण्याची रीत आमच्या घरच्यासारखीच. आलें-मसाल्याचा चहाहि तेथें आवडीनें पितात.

हें झाड मात्र मूळचें तेथलें नव्हे. इ. स. १९०३ मध्यें लिमुरू येथें त्याची पहिली लागवड झाली व १९२४ च्या सुमारास केरिचोकडे गोऱ्या कंपन्यांचे मोठे मळे उभे राहूं लागले. देशी शेतकऱ्यानें चहा-कॉफी लावावी हें सरकारास पसंत नव्हतें. १९५४ च्या सुमारास निर्बंध सैल झाले. देश १९६३ सालीं स्वतंत्र झाला आणि पुढील वर्षीं लहान बागाईतदारांसाठीं सरकारी चहा-मंडळ स्थापन झालें. २००० सालीं तें शेतकऱ्यांच्या मालकीच्या कंपनींत बदललें. दोन पानें व एक कळी खुडून शेतकरी खरेदी-केंद्रावर नेतो. वजनाप्रमाणें महिन्यास कांहीं रक्कम मिळते, उरलेली वर्षअखेर मोंबासाच्या लिलावांतील भावावरून ठरते. मुलांच्या शाळेची फी ह्याच दुसऱ्या हप्त्यावर अवलंबून. तो कमी आला कीं गांवोगांव ओरड होते. आमच्या ऊंसवाल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नकोच!

कॉफी पिकविणारा केनियन शेतकरी स्वतः बहुधा चहाच पितो. किनाऱ्यावर मात्र आलें घातलेली कडू कॉफी संध्याकाळीं लहान पेल्यांतून विकतात.

आम्हांस अधिक अगत्य वाटलें तें ‘उजी’चें. नाचणी, ज्वारी किंवा मक्याचें पीठ पाण्यांत कालवून, कधीं आंबवून, पातळ शिजवावयाचें. वर दूध, साखर अथवा लिंबू. म्हणजे आमची आंबीलच. बाळंतिणीस व लहान मुलांस ती आवर्जून देतात. महसुली कारकुनींत पीकपाहणीचे तक्ते लिहितांना नाचणी हें हलक्या जमिनीचें पीक म्हणून आम्ही एका ओळींत उरकीत असूं. तिचा उगम पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखांत असून हजारों वर्षांपूर्वीं ती तेथून हिंदुस्थानांत आली, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

कालेंजिन लोक भोपळ्याच्या भांड्यास आंतून विशिष्ट झाडाचा कोळसा घांसून त्यांत दूध आंबवितात. त्या करड्या दुधास ‘मुर्सिक’ म्हणतात. शर्यती जिंकून परतणाऱ्या धावपटूंस तें विमानतळावरच पाजतात. मोंबासाकडे शहाळ्याच्या पाण्यास ‘मदाफू’ म्हणतात. हातगाडीवर कोयत्यानें शहाळें सोलून देणारा तेथला विक्रेता आमच्या कोंकणी माणसास मुळींच परका वाटणार नाहीं.