कॅम्पर व्हॅनची सफर आपल्या घराला मानवेल का?

गेल्या वर्षभरात आमच्या गादीवर बसून तीन-चार व्यापारी बांधवांनी एकच प्रश्न विचारला. 'सेठ, ती चाकांवरची खोली घेऊन कोकणात जावे म्हणतो. मुले मागे लागली आहेत. घ्यावी का?' आम्ही मागच्या हिवाळ्यात अशी गाडी तीन रात्रींसाठी भाड्याने घेतली होती, हे त्यांना ठाऊक होते. प्रत्येकाला चहाबरोबर तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावे, म्हणून हा लेख.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेम्पो ट्रॅव्हलरएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाडीत झोपायच्या फळ्या, छोटा ओटा, शेगडी, फ्रीज, संडास आणि पाण्याची टाकी बसवलेली असते. हिला कोणी कॅम्पर व्हॅन म्हणतात, कोणी कॅरॅव्हॅन. हा कॅरॅव्हॅन शब्द म्हणजे आपला ओळखीचा कारवाँच. फारसीतून तो युरोपात गेला आणि इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे परत आला. जुना कारवाँ माल घेऊन दिवसभर चालायचा, पण रात्री त्याला सराय लागायची. बुऱ्हाणपूरची अकबरी सराई आमच्या मालेगावहून फार लांब नाही. तिथल्या चौकात उभे राहिले की मुक्कामाचा बंदोबस्त पूर्वी किती गांभीर्याने घेत ते कळते. आजच्या गाडीलाही तोच नियम लागू आहे. लोक गाडीची गादी आणि पडदे पाहून भुलतात. रात्री ती उभी कुठे राहणार आणि पाणी कुठून येणार, हे विचारायचे मात्र राहून जाते. आमचेही तसेच झाले.

आपल्या घरांना ही कल्पना का आवडते, ते आम्हाला समजते. स्वयंपाक आपल्या हातचा, त्यामुळे हलालची चौकशी करत हॉटेले पालथी घालायला नकोत. बायकांना रस्त्यात संडासासाठी अडून बसावे लागत नाही. नमाजाला जागा आपली. घरातले मांजर मागे ठेवावे लागत नाही. हे चारही फायदे खरे आहेत. पण प्रत्येकाला अट आहे आणि ती अट गाडीवाला सांगत नाही.

पहिली गोष्ट ड्रायव्हरची. भाड्याची गाडी बहुधा मालकाच्या ड्रायव्हरसह येते. आमच्या घरचे आम्ही पाच जण: अम्मी, बेगम, कॉलेजात जाणारी मुलगी, चौदा वर्षांचा मुलगा आणि आम्ही. सहावा ड्रायव्हर. माणूस भला होता, पण रात्री तो पुढच्या सीटवर एका पडद्याआड झोपणार आणि संडास एकच! ज्या मोकळेपणासाठी एवढा खर्च केला तो पहिल्याच रात्री संपला. दुसऱ्या रात्री आम्ही त्याच्यासाठी लॉजवर खोली घेतली, तेव्हा बेगमना झोप लागली. तेव्हा ठरवण्याआधी विचारा, ड्रायव्हर कुठे झोपेल? सहा माणसे बसतील म्हणजे सहा माणसे झोपतील असेही समजू नका. आमच्या गाडीत चौघांची सोय नीट होती, पाचव्याची नावाला. वरच्या फळीवर चढायला लोखंडी शिडी. अम्मींचे गुडघे दुखतात, त्यामुळे खालची रुंद जागा त्यांना गेली आणि आम्ही तिन्ही रात्री पाय दुमडून काढल्या.

आता पाणी. इथे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो असतो तर फजिती टळली असती. टाकी शंभर लिटरची. वुजू कितीही जपून केला तरी माणशी दीड लिटर धरा. पाच जण, पाच वक्त, म्हणजे सदतीस-अडतीस लिटर. संडासला सहा माणसे, दिवसातून पाच वेळा, दर वेळी दोन लिटर, म्हणजे साठ. पिणे, स्वयंपाक आणि भांडी मिळून तीस. बेरीज सव्वाशेच्या वर गेली आणि अजून कोणी अंघोळ केलेली नाही. दुसऱ्या सकाळी फजरच्या वेळी नळ कोरडा होता.

याहून मोठा घोटाळा संडासाच्या टाकीचा. या गाड्यांत काढून रिकामा करायचा जो डबा असतो तो साधारण वीस लिटरचा. ही रचना मुळात कागद वापरणाऱ्या देशांतली. पाणी वापरणाऱ्या घराचा तो डबा दिवसातून तीनदा भरतो आणि तो रिकामा करायला योग्य जागा हवी. शेतात किंवा ओढ्यात ओतणे हा उपाय नव्हे. काही मोठ्या गाड्यांत साठ-सत्तर लिटरची बंदिस्त टाकी असते; ती असेल तरच विचार करावा. नाहीतर दिवसा पेट्रोल पंप, धाबा आणि वाटेतल्या मशिदीचा वुजूखाना वापरायचा व गाडीतले पाणी रात्रीपुरते राखायचे. तिसऱ्या दिवशी आम्ही हेच केले आणि निम्म्याहून कमी पाण्यात भागले.

मुक्कामाची जागा हा यापुढचा प्रश्न. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी असे पाऊल उचलले. वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेली कॅरॅव्हॅन पार्क उभी राहावीत, ही त्यामागची कल्पना. पण आपण जाणार त्या गावी अशी जागा आहे की नाही, हे फोन करून, नाव लिहून घेऊन पक्के करावे. 'कुठेही उभी करा' असे सांगणाऱ्यावर विसंबू नये. पहिल्या रात्री आम्ही महामार्गाच्या कडेला एका धाब्यामागे उभे होतो. ट्रकांचे भोंगे, कुत्री, आणि मध्यरात्री कोणीतरी दारावर थाप मारली. हवालदार होता, चौकशी करून गेला. पण मुलगी सकाळपर्यंत बसून होती.

वीज नसलेल्या जागी एसी जनरेटरवर चालतो, आणि इथे प्रश्न सोयीचा राहत नाही, जिवाचा होतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृत आढळली. जनरेटरचा विषारी वायू आत शिरल्याचे तपासातून पुढे आले. हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस खोकतही नाही, नुसता उठत नाही. म्हणून आमचा आग्रह आहे की जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून बंद गाडीत कोणी झोपू नये. बाहेरची वीज मिळत नसेल तर खिडकीची जाळी उघडी ठेवून पंख्यावर झोपावे. थंडीत कोकणात तेवढे पुरते. हा वायू ओळखून शिटी वाजवणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. ते गाडीत नसेल तर स्वतः विकत घेऊन न्यावे. शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो. तेव्हा तळाशी झरोका आहे का, ते वाकून पाहावे. गाडी चालू असताना सिलिंडर बंद, आणि फळीवर कोणी झोपलेले नाही. मागच्या सीटवरही पट्टा बांधायचा असतो, मुले कितीही कुरकुरली तरी.

आता मांजराची गोष्ट. आमच्याकडे शब्बो नावाची चार वर्षांची मांजरी आहे. रेल्वेत तिला न्यायचे म्हणजे पहिल्या वर्गाचा पूर्ण डबका आरक्षित करा, नाहीतर ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत टाका. त्यामुळे मुलीचा हट्ट होता की गाडी घेतोच आहोत तर शब्बोही येणार. तिला मोकळी सोडली ही आमची चूक. कसारा घाटात ती ड्रायव्हरच्या पायांत शिरली आणि ब्रेकच्या पायपट्टीखाली दबा धरून बसली. ड्रायव्हरने शांतपणे गाडी हातब्रेकवर कडेला घेतली म्हणून हे लिहायला आम्ही आहोत. पुढचा सगळा प्रवास ती जाळीच्या पेटीत ओरडत राहिली, दोनदा ओकली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिने काही खाल्ले नाही.

नंतर जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. त्यांचे म्हणणे असे की कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर जागेला धरून राहते. कुत्र्याला दोन-दोन तासांनी उतरवून पाय मोकळे करू दिले की तो बहुधा रमतो. आपल्यापैकी काही जण गोदामाच्या राखणीला कुत्रा पाळतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. मांजर लहानपणापासून पेटीत फिरवलेले असेल तरच न्यावे. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नये, पेटी सीटला बांधावी, रेबीजच्या लशीचे कार्ड बरोबर ठेवावे. ओकते म्हणून माणसाचे औषध देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कोणतेही जनावर ठेवू नये, अर्ध्या तासात आतली हवा भट्टीसारखी होते. मांजर कोंडून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. ती सांगून झाल्यावर मांजर गाडीत बंद करून स्वतः समुद्रावर जाणे बरे दिसत नाही. (पोपट नेण्याविषयी एकाने विचारले होते. आपला देशी पोपट पिंजऱ्यात पाळणेच वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, नेण्याचा प्रश्न पुढचा.)

पैशाचा हिशेब असा मांडा. समजा भाडे दिवसाला दहा हजार. चार दिवसांचे चाळीस. हजार किलोमीटरला नऊच्या सरासरीने एकशे दहा लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने दहा हजार. टोल, भत्ता, पार्कची फी पाच. घरून नेलेले किराणा सामान चार. एकूण एकोणसाठ हजार. आपल्याच मोटारीने गेलो तर पेट्रोल सात, दोन खोल्या तीन रात्री पंधरा, बाहेरचे जेवण दहा, म्हणजे बत्तीस हजार. फरक सत्तावीस हजारांचा. आकडे आपापल्या भावाने बदलून घ्या, पण गाडी स्वस्त पडते हा समज काढून टाका. ते सत्तावीस हजार आपण स्वतःच्या ओट्यासाठी आणि सामान न बांधण्याच्या सुखासाठी देतो. आठ दिवसांचा लांबचा दौरा आणि चौघांचे कुटुंब असेल तर कदाचित ते वसूलही होतील. तीन रात्रींत होत नाहीत.

विकत घेण्याचा विचार तर धंद्यातल्या माणसाने दहादा करावा. शुक्रवारची एक सुट्टी सोडली तर आपल्याला सलग मोकळे दिवस मिळतात ते ईदच्या आगेमागे. वर्षात दहा-बारा दिवस चालणारी गाडी दारात उभी राहिली तरी विमा, कर, बॅटरी, टायर यांचा खर्च चालूच राहतो. जुन्या टेम्पोत गावच्या कारागिराकडून फळ्या आणि शेगडी बसवून घेऊ, असेही काही म्हणतात. आपले कारागीर हुशार आहेत, बसवतील. पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीची मूळ रचना मनमानी बदलू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. नोंदणी पुस्तकात नसलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीच्या नजरेत पहिल्यांदा भरतो. आधी आरटीओकडून लेखी परवानगी, मग सुताराला बयाणा.

ज्यांना तरीही जायचे आहे त्यांनी गाठ उचलण्याआधी थान उलगडून पाहतो तसे करावे. गाडी एकाच रात्रीसाठी घ्या आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर नातेवाइकांच्या मळ्यात उभी करा. घरचे सगळे, शिडी चढू न शकणारे म्हातारे माणूस आणि पेटीतले मांजर धरून, रात्र काढा. पाणी किती संपले ते लिहा. सकाळी घरातल्या बायकांना विचारा आणि त्यांचे उत्तर शेवटचे माना, कारण त्या अरुंद ओट्यावर आपण उभे राहणार नाही आहोत.

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या महिन्यात पुन्हा निघाला. मुलगा आणि मुलगी तयार आहेत. बेगम म्हणतात, ड्रायव्हरच्या खोलीचे आधी ठरवा. अम्मींनी यंदा खालाजानकडे राहायचे ठरवले आहे आणि शब्बोही त्यांच्याबरोबर राहील.