नगरच्या टिळकांकडे खानदेशचे ठोमरे

भडगावकर मंडळी, धरणगावचे बालकवी आपल्या जिल्ह्याचे. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली ती जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात. पण त्यांना घरच्यासारखी माया मिळाली नगरला, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याकडे. ख्रिस्ती घर, हिंदू कवी, आणि आड काहीच आलं नाही. ख्रिस्ताची प्रीती म्हणतात ती मला इथे दिसते.

आणि या घरानेच ताटातूट किती सोसली होती! टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नातलग दुखावले. लक्ष्मीबाई काही वर्षं पतीपासून दूर राहिल्या, मग परतल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख पतीकडूनच. चूल, मुलंबाळं, आजाऱ्यांची शुश्रूषा यांतूनच त्या लिहीत राहिल्या. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं होतं. ते या बाईंनी पुरं केलं! देवाने दिलेलं लेखन त्यांनी घरकामाखाली दडपू दिलं नाही.

घरचे अजून तुमची कला समजून घेत नसतील तर लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र जरूर मिळवून वाचा. त्यात आपले ठोमरेही भेटतील.