क्षमेच्या आधी सत्य

वर्गात दोन मुलांचे भांडण झाले, की आम्ही शिक्षक मंडळी दोघांचे हात एकमेकांच्या हातात देऊन मोकळे होतो. कोणी कोणाला का मारले, हे विचारण्यास सवड नसते. गलबला थांबतो खरा. परंतु ज्याने मार खाल्ला, त्याच्या मनातील शल्य तसेच राहते. एखाद्या राष्ट्राच्या बाबतीत असे घडले तर?

दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली सुरू झालेली वर्णभेदाची राजवट १९९४ साली संपली. सूड घ्यावा की झाले गेले विसरावे, असा पेच नव्या शासनापुढे होता. त्यातून तिसरी वाट निघाली. १९९५ च्या कायद्यान्वये ‘सत्य आणि समेट आयोग’ स्थापन झाला. आर्चबिशप डेस्मंड टूटू त्याचे अध्यक्ष झाले. सुमारे २१,००० पीडितांनी आपले निवेदन दिले. राजकीय हेतूने केलेल्या अपराधाची संपूर्ण कबुली देणाऱ्यास माफीची तरतूद होती. सात हजारांहून अधिक अर्ज आले. त्यांतील बहुसंख्य फेटाळले गेले.

लोकमत मात्र दुभंगलेले होते. माफीची आशा नसती, तर अपराध्यांनी तोंडच उघडले नसते, असे कित्येकांना वाटे. उलट, १९७७ साली पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू पावलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी या तरतुदीलाच न्यायालयात आव्हान दिले. न्याय मागण्याचा आमचा हक्क शासनाने परस्पर कसा सोडून द्यावा, हा त्यांचा प्रश्न होता. १९९६ साली ते दाव्यात हरले. पण प्रश्न हरला नाही.

अहमद तिमोल हे भारतीय वंशाचे तरुण शिक्षक. १९७१ साली जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून पडून त्यांचा अंत झाला. ती आत्महत्या होय, असा निर्णय १९७२ साली देण्यात आला. त्यांच्या वृद्ध मातेने १९९६ साली आयोगापुढे आपले दुःख मांडले. २०१७ साली फेरचौकशी झाली आणि तो खूनच होता, असे न्यायाधीशांनी जाहीर केले. ते ऐकण्यास ती माउली हयात नव्हती. एका माजी पोलिसावर खटला भरला गेला; परंतु तो पूर्ण होण्यापूर्वीच २०२१ साली आरोपीही निवर्तला.

म्हणून आयोग व्यर्थ ठरला, असे मी म्हणणार नाही. जे घडलेच नाही असे शासन सांगत होते, ते त्याने राष्ट्राच्या दप्तरात नोंदविले. परंतु सत्य सांगितल्यानंतर न्यायाचे पाऊल पुढे पडावे लागते. तेथे विलंब झाला. शासन शिक्षा माफ करू शकते; आईच्या वतीने क्षमा करू शकत नाही. ती तिची तिनेच करावयाची असते, किंवा न करावयाची.

हे वाचल्यापासून मी भांडणाऱ्या मुलांचे हात घाईने जुळवीत नाही. ज्याला लागले आहे, त्याला आधी बोलू देतो.