पथ्य सांभाळा, पण ताट रिकामे नको!

'दूध मला चालत नाही', 'गहू बंद केला आहे', 'कांदा-लसणाने पोट फुगते' अशी वाक्ये शहरी घरांतून आता सर्रास ऐकू येतात. लग्नाच्या पंगतीपासून मुलांच्या डब्यापर्यंत सर्वत्र वर्ज्य पदार्थांची यादी वाढत चालली आहे. काहींच्या बाबतीत हे पथ्य अत्यावश्यक असते. क्वचित त्यावर प्राणही अवलंबून असतात. परंतु पुष्कळदा कोणतीही तपासणी न करता, शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या सल्ल्यावरून एकेक पदार्थ ताटातून बाद केला जातो. अखेरीस मऊ भात, मुगाचे वरण आणि उकडलेली दुधी एवढेच शिल्लक राहते. पोटाची तक्रार थोडी कमी होते. मात्र लोह, कॅल्शियम, प्रथिने आणि 'ब-१२' जीवनसत्त्व यांची उणीव हळूहळू शरीराला पोखरू लागते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत पहिलेच तत्त्व 'विविध प्रकारचे अन्न खा' हे आहे. अन्न न सोसणाऱ्यांसाठी हे तत्त्व शिथिल होत नाही. उलट त्यांच्या बाबतीत ते अधिक काटेकोरपणे पाळावे लागते. नेमके काय बाधते हे शोधणे आणि जे बाधत नाही त्यातून चौरस आहार उभा करणे, अशी ही दुहेरी कसरत आहे.

तक्रारी सारख्या, कारणे वेगळी

'अमुक पदार्थ सोसत नाही' या एका वाक्यामागे तीन निराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. पहिली अ‍ॅलर्जी. यात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा एखाद्या अन्नातील प्रथिनालाच शत्रू समजते. शेंगदाणे, दूध, अंडी, कोळंबी, काजू अशा पदार्थांमुळे काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. तीव्र प्रकारात श्वास कोंडतो आणि रक्तदाब कोसळतो. येथे 'थोडेसे चालेल' हा विचार घातक ठरू शकतो.

दुसरी सिलिअ‍ॅक व्याधी. गहू व जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे प्रतिकार यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला चढवते. अन्नरस शोषणाऱ्या सूक्ष्म उंचवट्यांची झीज होते आणि पोटभर जेवूनही शरीर उपाशी राहते. तिसरी गोष्ट म्हणजे अपचनजन्य असहिष्णुता. दुधातील साखर किंवा कांद्यातील काही कर्बोदके पचली नाहीत की ती मोठ्या आतड्यात आंबतात, वायू धरतो, जुलाब होतात. हा त्रास खरा असतो, पण त्याने आतड्याला इजा होत नाही. शिवाय येथे प्रश्न बहुधा प्रमाणाचा असतो, संपूर्ण बंदीचा नव्हे.

या तिन्हींचे पथ्य एकमेकांहून वेगळे आहे. म्हणूनच निदान आधी आणि पथ्य नंतर, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

तपासणीपूर्वी गहू सोडू नका

सिलिअ‍ॅक व्याधीचा गव्हाशी असलेला संबंध उलगडला तो डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांच्यामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पावाचा तीव्र तुटवडा निर्माण झाला. गव्हाबद्दल डिके यांना आधीपासूनच शंका होती. या काळातील निरीक्षणांनी ती बळावली आणि १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

भारतात हा आजार दुर्मीळ मानला जात असे. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्याचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के आढळले. मुलाची उंची न वाढणे, औषधे घेऊनही न हटणारा पंडुरोग, हाडांचा ठिसूळपणा ही त्याची लक्षणे असू शकतात; जुलाब होतीलच असे नाही.

निदानासाठी रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची चाचणी केली जाते आणि गरजेनुसार दुर्बिणीद्वारे लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला जातो. रुग्णाने आधीच गहू सोडला असेल, तर या दोन्ही तपासण्या फसव्या ठरू शकतात. त्यामुळे 'महिनाभर गहू बंद करून बघू' हा घरगुती प्रयोग पुढच्या निदानाच्या आड येतो.

गहू सोडल्याने बरे वाटते म्हणजे दोष ग्लुटेनचाच, असेही नाही. नॉर्वेतील ओस्लो येथे झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सिलिअ‍ॅक नसताना स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना कधी ग्लुटेन, कधी फ्रुक्टन हे कर्बोदक, तर कधी यांपैकी काहीच नसलेला पदार्थ, काय दिले आहे ते न सांगता खाऊ घालण्यात आला. पोटफुगीसारख्या तक्रारी फ्रुक्टनमुळे अधिक वाढल्या. हे फ्रुक्टन गव्हात असते, तसेच कांदा-लसणातही असते.

भाकरीची परंपरा मदतीला

ज्यांना ग्लुटेन खरोखरच वर्ज्य आहे, त्यांना महाराष्ट्राचे स्वयंपाकघर मोठा आधार देते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, मका आणि शिंगाडा यांत निसर्गतःच ग्लुटेन नसते. ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील, तांदळाची उकड, घावन, आंबोळी, पानगी, राजगिऱ्याच्या लाह्या, मुगाचे धिरडे ही यादी कोणत्याही महागड्या 'ग्लुटेनमुक्त' बिस्किटापेक्षा सरस आहे. बाजारातील असे अनेक तयार पदार्थ मका, बटाटा वा साबुदाण्याच्या पिष्टापासून बनतात. त्यांत चोथा आणि प्रथिने कमी असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यानंतर शहरांतील दुकानांतही ही धान्ये सहज दिसू लागली आहेत.

मात्र खपली गव्हाबाबत सावध राहावे. तो जुना व पचायला हलका असल्याची ख्याती असली, तरी तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असते. रवा, मैदा, शेवया, लापशी, दलिया ही सारी गव्हाचीच रूपे आहेत. ओट्समध्येही शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाची भेसळ होण्याची शक्यता असते.

लपलेला गहू

खरी अडचण उघड दिसणाऱ्या पोळीची नसते, तर न दिसणाऱ्या गव्हाची असते. बाजारात मिळणारा बांधानी हिंग हा शुद्ध हिंग नसतो; त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. चिमूटभर फोडणीतून हा मैदा रोजच्या वरणात उतरतो. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर गहू घालण्याची पद्धत आहे. सातूच्या पिठात भाजलेले गहू असतात आणि थालिपिठाच्या भाजणीतही अनेक घरांत गहू पडतो. सोया सॉसमध्येही गहू असू शकतो.

त्याहून दुर्लक्षित जागा म्हणजे पिठाची गिरणी. अन्न सुरक्षा नियमांनुसार ज्या पदार्थात ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असते, त्यालाच 'ग्लुटेनमुक्त' म्हणता येते. गव्हाच्या पिठात ग्लुटेनचे प्रमाण साधारण आठ टक्के धरले, तर पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर कणकेत ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली आणि किलोभर पिठात चमचाभर कणीक मिसळली, तरी ही मर्यादा वीस पटींनी ओलांडली जाते. सिलिअ‍ॅक रुग्णाच्या घरात घरघंटी ही चैन नसून गरज ठरते ती यामुळेच. पोळ्यांचे पोळपाट-लाटणे, तवा आणि पिठाची चाळणीही वेगळी ठेवावी लागते.

वेष्टनावरील मजकूर वाचण्याची सवयही हवी. २०२० च्या लेबलिंगविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठराविक मर्यादेवरील सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक आहे. सुट्ट्या मालाला मात्र हे संरक्षण मिळत नाही.

दूध सगळेच बंद कशाला?

दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर बालपणानंतर बहुसंख्य माणसांत कमी होत जाते. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची हीच अवस्था असल्याने तिला आजार म्हणण्यापेक्षा शरीराचा स्वभाव म्हणणे योग्य ठरेल. असे असूनही यांतील बहुतेकांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, फारसा त्रास न होता चालते. जेवणाबरोबर घेतल्यास अधिक सोसते.

शिवाय सर्व दुग्धजन्य पदार्थ सारखे नसतात. दह्यातील जिवाणू लॅक्टोज पचवण्यास मदत करतात. चक्का आणि पनीर करताना निवळीबरोबर बरेचसे लॅक्टोज निघून जाते. साजूक तुपात ते जवळपास नसतेच. याउलट बासुंदी, खवा आणि पेढे यांत दूध आटल्यामुळे लॅक्टोज एकवटते. म्हशीच्या किंवा देशी गाईच्या दुधाने हा प्रश्न सुटत नाही, कारण लॅक्टोज दोन्हींत असते. मात्र ज्यांना दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे, त्यांना हे पर्याय लागू नाहीत. त्यांच्यासाठी दही, पनीर आणि लॅक्टोजमुक्त दूधही धोक्याचेच.

दूध पूर्ण सोडावे लागले, तर कॅल्शियमची तजवीज आवश्यक ठरते. १०० ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच नाचणीत सुमारे ३५० आणि तिळात हजार मिलिग्रॅमहून अधिक. तीळ चमच्याने खाल्ले जातात हे खरे. तरीही भाकरीवर लावलेले तीळ, तिळाची चटणी आणि काट्यांसकट खाल्ले जाणारे लहान मासे यांची बेरीज मोठी होते. शाकाहारी व्यक्तीने दूध-दही सोडले, तर 'ब-१२' जीवनसत्त्वाचा बहुधा एकमेव नैसर्गिक स्रोत बंद होतो. त्यांनी त्याची रक्ततपासणी आणि पूरक गोळ्या यांबाबत वैद्यकीय सल्ला घ्यायलाच हवा.

कांदा, लसूण आणि कडधान्ये

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी आतड्यात आंबणाऱ्या कर्बोदकांच्या गटाला 'फॉडमॅप' असे नाव दिले. संवेदनशील आतड्याच्या रुग्णांना त्यावर आधारित आहार अनेकदा उपयोगी पडतो. परंतु त्याचे टप्पे तीन आहेत: दोन ते सहा आठवडे हे पदार्थ टाळणे, मग एकेक गट थोड्या प्रमाणात परत घेऊन पाहणे आणि शेवटी जे बाधते तेवढेच मर्यादित ठेवणे. अनेक जण पहिल्याच टप्प्यावर अडकून राहतात आणि तेथूनच कुपोषणाची वाट सुरू होते.

पाककृतीतील छोटे बदल येथे कामी येतात. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या, तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग वापरता येतो. चातुर्मासात कांदा-लसूण न घालता होणारा स्वयंपाक अनेक घरांना ठाऊक आहेच. मटकी, चवळी, हरभरा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिल्यास आणि मोड आणल्यास वायू धरणारी कर्बोदके कमी होतात. एकदम वाटीभर उसळीऐवजी दोन चमच्यांपासून सुरुवात केली, तर अनेकांना कडधान्ये पुन्हा सोसू लागतात.

चाचण्यांचा मोह

रक्ताच्या एका नमुन्यावरून शंभर-दोनशे पदार्थांची 'असहिष्णुता' सांगणाऱ्या 'आयजीजी' चाचण्यांची जाहिरात सध्या जोरात आहे. ही प्रतिपिंडे बहुधा तो पदार्थ खाण्यात आला होता एवढेच दर्शवतात. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि कॅनडातील संघटनेने २०१२ मध्ये निदानासाठी या चाचण्या वापरू नयेत असे स्पष्ट केले आहे. अशा अहवालावरून मुलांचे दूध, अंडी, गहू एकाच वेळी बंद करणे हे त्यांच्या वाढीशी खेळणे होय. खर्चही न करता होणारी साधी नोंदवही, म्हणजे काय खाल्ले, केव्हा खाल्ले, किती वेळाने काय झाले याची दोन आठवड्यांची टिपणे, डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते.

ताट भरावे कसे?

एक पदार्थ काढला की त्याच गटातील दुसरा आणायचा, हे सोपे सूत्र आहे. गहू गेला तर केवळ तांदूळ नको. आठवड्यात ज्वारी, बाजरी, नाचणी आणि राजगिरा आळीपाळीने यावेत. भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ हवीच, कारण धान्यातील प्रथिनांची उणीव डाळी भरून काढतात. शेंगदाणे चालत नसतील तर तीळ, जवस किंवा कारळाची चटणी करता येते, पण अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तिळाचीही खातरजमा करून घ्यावी. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते. हंगामी फळे एका वेळी एक, बेताने घ्यावीत.

पथ्य कायमचेच असते असेही नाही. सिलिअ‍ॅक रुग्णाला ग्लुटेन आयुष्यभर टाळावे लागते. परंतु आतडे बरे झाल्यावर आधी न सोसणारे दूध त्याला पुन्हा चालू शकते. लहान मुलांतील दुधाची किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी वाढत्या वयात अनेकदा ओसरते. मात्र ती गेली का, हे घरी नव्हे तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पाहावे. वर्ज्य पदार्थांच्या यादीचा दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने फेरविचार व्हायला हवा. जे बाधते ते निश्चयाने टाळावे. पण जे केवळ भीतीपोटी सुटले आहे, ते तज्ज्ञांच्या सल्ल्याने ताटात परत आणावे.